पोटात गोळा येतो तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंचे काय होते?

कोरडवाहू_मास्तर

मराठीत भीतीचा आणि काळजीचा मुक्काम पोटात असतो. निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, अपघात पाहिला की पोटात कालवते, लेकराचे हाल पाहून आतडे पिळवटते आणि शेजाऱ्याला बढती मिळाली की पोटात दुखते. मी २६ वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, पण या शब्दप्रयोगांकडे निव्वळ बोलण्याची लकब म्हणूनच पाहत आलो. गेल्या वर्षी भाच्यामुळे मला त्यांचा पुन्हा विचार करावा लागला.

भाचा पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. नव्या पेठेत कॉट बेसिसवर मुक्काम, जवळच्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बैठक, दोन वेळा मेसचे जेवण आणि मधल्या सगळ्या वेळी चहा असा त्याचा दिनक्रम आहे. पूर्वपरीक्षा तो दोनदा पार झाला आणि मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. दिवाळीत घरी आला असताना दुकानात पैसे देण्यासाठी त्याने पाकीट माझ्या हातात दिले, तेव्हा ओळखपत्राच्या मागच्या कप्प्यात मला जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांची अर्धी पट्टी दिसली. विचारल्यावर त्याने अगदी सहज सांगितले की पेपरच्या दिवशी सकाळी चार-पाच वेळा जावे लागते, सहा जणांत संडास एकच आहे, म्हणून त्या दिवशी तो पहाटे साडेतीनला उठतो. एरवीही जेवणानंतर गुबारा धरतो, मुरडा येतो, जाऊन आल्यावर मोकळे वाटते, कधी आव पडते. आणि घरी आल्यावर आठवड्याभरात हे सारे शांत होते. ज्या डॉक्टरांना त्याने दाखवले, त्यांनी 'टेन्शन आहे, घेऊ नकोस' असे सांगून आम्लपित्ताची गोळी लिहून दिली होती.

डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते, पण ते जिथे थांबले तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. टेन्शन डोक्यात आणि जुलाब मोठ्या आतड्यात. मधल्या वाटेवर काय घडते? आणि त्या वाटेवर राहणाऱ्या जिवाणूंचा त्यात हात किती? याविषयी गेले काही महिने जे वाचले ते येथे मांडतो.

आधी एक दुरुस्ती. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात आणि त्यांचे वजन दोन किलो भरते, असे मीही वर्गात सांगत असे. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातील संशोधकांनी हा हिशेब नव्याने केला. सत्तर किलो वजनाच्या माणसात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, म्हणजे जवळपास बरोबरी, आणि जिवाणूंचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असल्यास वहीत सुधारणा करून घ्यावी.

मनाचा पोटावरचा परिणाम माणसाने डोळ्यांनी पाहिला त्याला आता दोनशे वर्षे होतील. १८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापारात काम करणाऱ्या अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेरून पडलेले भोक कधीच बुजले नाही. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पचनाचा अभ्यास केला आणि १८३३ मध्ये तो ग्रंथरूपाने छापला. (त्या गरीब माणसाला या प्रयोगांचा किती कंटाळा आला असेल, याची कल्पना केलेली बरी, तो अधूनमधून निघून जात असे.) भीती किंवा संताप अनावर झाला की जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे पडते, तर कधी फिकट व ओलसर होते, अशी नोंद त्यांनी केली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांत दिसणारे बिस्मथ मिसळलेले अन्न मांजरांना खाऊ घालून क्ष-किरणांखाली त्यांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर बिथरले की हालचाल थांबे आणि त्याला कुरवाळून शांत केले की ती पुन्हा सुरू होई.

पहिली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वाट या हालचालीची, म्हणजे आतड्याच्या वेगाची. ताण आल्यावर मेंदूतून सुटणाऱ्या संदेशांनी जठर सुस्तावते आणि मोठे आतडे मात्र धावू लागते. त्यामुळे एकाच माणसाला वर मळमळ आणि खाली घाई, अशा दोन उलट्या वाटणाऱ्या तक्रारी एकदम असू शकतात. आता जिवाणूंच्या बाजूने विचार करा. ओढा संथ वाहत असला की दगडांवर शेवाळ धरते; जोराचे पाणी आले की तेच शेवाळ सुटून जाते आणि घट्ट चिकटून राहणारे किंवा भराभर वाढणारे तेवढे टिकतात. बेल्जियममध्ये १,१०६ लोकांच्या आतड्यातील जिवाणूंची पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष छापण्यात आले. तेथे वय, वजन, औषधे, आहार अशा कितीतरी गोष्टी तपासल्या गेल्या आणि जिवाणूंच्या मांडणीशी सर्वाधिक संबंध आढळला तो मलाच्या घट्टपणाशी. मल किती घट्ट हे तो आतड्यात किती वेळ थांबला यावर बरेचसे ठरते. म्हणजे आपण ज्याला हलका कोठा आणि जड कोठा म्हणतो, त्या कोठ्याप्रमाणे जिवाणूंची वस्ती बदलते. या वाटेने ताण जिवाणूंना थेट हात लावत नाही, तो त्यांच्या घरातले पाणी वाढवतो, असे मी भाच्याला समजावले.

दुसरी वाट अस्तराची. बेल्जियममधील लुवेन विद्यापीठात झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात उंदीर नाहीत, भाषण देण्याची भीती आहे. निरोगी स्वयंसेवकांना श्रोत्यांसमोर बोलायला लावले आणि लहान-मोठ्या आकाराच्या दोन शर्करांचे द्रावण पाजून त्या लघवीत किती उतरतात हे मोजले. मोठी शर्करा एरवी आतड्याच्या भिंतीतून फारशी आत शिरत नाही. भाषणाने ज्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक ठळकपणे वाढले, त्यांच्याच आतड्याची भिंत सैल झाली. जे निवांत बोलले त्यांची झाली नाही. ताणाचा प्रसंग सर्वांना एकच होता, पण अंगाला लागला तो काहींच्याच. यावरून 'गळके आतडे' नावाचा जो बाजार मांडला गेला आहे त्याला मात्र आधार मिळत नाही, कारण प्रयोग होता तो एका प्रसंगातल्या तात्पुरत्या ताणाचा.

तिसरी वाट तर थेट संभाषणाची आहे. १९९२ साली अमेरिकेत मार्क लाइट यांनी दाखवले की ताणाच्या वेळी शरीर सोडते ते नॉरॲड्रेनॅलिन भांड्यात मिसळले, तर ई. कोलायसारख्या जिवाणूंची वाढ जोमाने होते. आपल्या भीतीचा रासायनिक निरोप जिवाणूही वाचतात, ही कल्पना मला शिकवण्याच्या काळात माहीतच नव्हती.

आणि बाण उलट्या दिशेनेही जातो. जपानच्या क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली पूर्णपणे जिवाणूरहित वाढवलेले उंदीर घेतले आणि त्यांना तासभर अरुंद नळीत डांबून ठेवले. साध्या उंदरांच्या तुलनेत त्यांच्यातील ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली. बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूची एकच जात पोटात वसवल्यावर हा अतिरेक कमी झाला. साध्या उंदरांची विष्ठा दिली तेव्हाही थोडा फरक पडला, पण तो लहान वयात दिली तरच. म्हणजे ताण कसा सोसावा हे शिकण्यात जिवाणूंचाही वाटा असतो, निदान उंदरांत तरी.

जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेल तेथे कान धरावा.

निंबोणीची_सावली

मास्तर, लेख मन लावून वाचला. एक शंका आहे. माझ्या वडिलांना १९७८ मध्ये अल्सर झाला होता, आणि बँकेतल्या कामाच्या ताणाने झाला असे घरात सर्वांनी धरून चालले होते. आईने त्यांना पंधरा वर्षे तिखट दिले नाही आणि घरात मोठ्याने कोणी बोलू दिले नाही. पुढे कळले की तो जिवाणूंमुळे होतो. मग ताणाचा संबंध पुन्हा जोडताना आपण तीच चूक तर करत नाही ना?

कोरडवाहू_मास्तर

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला. कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्यानंतर ताणाचे नाव घेणेही मागासलेपणाचे ठरले. पण १९९५ च्या जानेवारीत कोबे परिसरात भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या रुग्णालयांत रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे रुग्ण वाढले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात हाच जिवाणू होता. जिवाणू तर भूकंपाच्या आधीपासून मुक्कामाला होता. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ताण एकटा गुन्हेगार नव्हता, एवढेच म्हणता येईल. पंधरा वर्षांच्या बिनतिखटाच्या जेवणाबद्दल मात्र मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते.

जठराग्नी

येथे आयुर्वेदाचा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. चरकसंहितेच्या विमानस्थानात स्पष्ट सांगितले आहे की हितकर अन्न योग्य मात्रेत खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. आपण मात्र बेल्जियमच्या विद्यार्थ्यांनी भाषण दिल्यावर ते मान्य करतो.

कोरडवाहू_मास्तर

आपण उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण त्या यादीतले 'दुःखशय्या' आणि 'जागरण' हे दोन शब्द वाचून मला थेट कॉट बेसिसची खोली आठवली. ढेकणांची गादी आणि रात्री दीडपर्यंत दिवा. निरीक्षण अचूक आहे आणि ते आधीचे आहे, हे निर्विवाद. ते जिवाणूंविषयी नाही, एवढे मात्र मान्य करू. जे त्यांनी म्हटले आहे तेवढेच पुरेसे मोलाचे आहे.

शंकासुर

मी थोडा विरोधी सूर लावतो. परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या मलातील लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू कमी झाले, असा ऑस्ट्रेलियातला २००८ सालचा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. परंतु परीक्षेच्या काळात विद्यार्थी जेवतो काय? जो मुलगा एरवी भाजी-पोळी खातो तो त्या आठवड्यात वडापाव, बिस्किटे आणि चहा यांवर असतो, झोपत नाही, हिंडत नाही. मग जिवाणू ताणाने बदलले की वडापावाने? मास्तरांचा भाचा घरी आला की आठवड्याभरात बरा होतो, याचे श्रेय मनःशांतीला द्यायचे की आईच्या हातच्या पालेभाजीला? उंदरांत हे वेगळे काढता येते, माणसांत फार कठीण जाते. जिवाणूंचे नाव आले की लोकांना ते सारे शास्त्रीय वाटू लागते, हा माझा मूळ आक्षेप आहे.

कोरडवाहू_मास्तर

आक्षेप मान्य आहे. फक्त मला ते दोन वेगळे गुन्हेगार वाटत नाहीत. वडापाव हा ताणाचाच एक हात आहे. मेसच्या ताटात बटाटा, पातळ आमटी, मैदामिश्रित पोळी आणि भात असतो. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना हवा असतो तो चोथा त्यात नावापुरताच. चोथा आंबवून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच घेतात. चोथा मिळाला नाही की काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्माचा थर खाऊ लागतात, हे २०१६ साली उंदरांत दिसले आहे. तेव्हा ताण वरून भिंत सैल करतो आणि उपाशी जिवाणू आतून गिलावा खरवडतात. घरी परतल्यावर पालेभाजी, झोप आणि आईचे लक्ष ही तीनही एकदम मिळतात. त्यांतले नेमके काय लागू पडले हे मलाही वेगळे काढता येत नाही.

कढी_पातळच

मग सरळ उपाय सांगा ना, मास्तर. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतात ती याचसाठी असणार. आमच्या इमारतीत एका गृहस्थांनी महिन्याला अडीच हजारांच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूल सुरू केल्या आहेत आणि जिन्यात भेटले की आतड्याविषयीच बोलतात. एका कंपनीने त्यांचा मल मागवून त्यातल्या जिवाणूंचा रंगीत अहवालही पाठवला आहे, तो ते मोबाइलमध्ये दाखवतात. जेवणाच्या वेळी दाखवू नका, एवढीच आम्ही विनंती केली आहे.

कोरडवाहू_मास्तर

हातावरच्या चमचाभर दह्याने दोन तासांनंतरच्या पेपरमध्ये आतड्याची वस्ती बदलत नाही. आजीचा हात हातात येतो, ते काम मोठे आहे.

कॅप्सूलविषयी एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २०११ साली लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-१ हा वाण उंदरांना दिला. उंदीर कमी घाबरू लागले आणि ताणाची संप्रेरके उतरली. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस ही नस आधीच कापलेल्या उंदरांत मात्र यांतले काहीच झाले नाही. या नसेतील सुमारे ऐंशी टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात, हे लक्षात घेतले की हा प्रयोग का गाजला ते समजते. मग त्याच गटाने तोच वाण आठ आठवड्यांच्या प्रयोगात निरोगी पुरुषांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये प्रामाणिकपणे छापले की औषध नसलेल्या दिखाऊ पुडीपेक्षा अधिक काहीही घडले नाही. पहिल्या प्रयोगाची बातमी तुमच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचली, दुसऱ्याची पोहोचली नाही. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली आयबीएससाठी (आतड्यात दोष न सापडता वारंवार पोट दुखणे आणि शौचाची घडी बिघडणे) प्रोबायोटिक केवळ संशोधनाच्या चौकटीतच वापरावेत असे सुचवले, कारण वाण वेगळे, मात्रा वेगळ्या आणि अभ्यास छोटे.

रंगीत अहवालाचे म्हणाल, तर निरोगी माणसाच्या जिवाणूंचे सर्वमान्य प्रमाण अजून कोणालाच ठरवता आलेले नाही. भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भोपाळकडच्या वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत प्रिव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य दिसले. पाश्चात्त्य नमुन्यांशी तुलना करणाऱ्या यंत्राने अशा माणसाला 'असंतुलित' ठरवले, तर दोष माणसाचा समजायचा की मापाचा?

घरच्या दह्या-ताकाला माझा विरोध अजिबात नाही. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर झालेल्या प्रयोगात (२०२१) दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या जिवाणूंत विविधता वाढली. फक्त, तुमच्या नावाला साजेशी एक सूचना: ताकाची कढी करून उकळली की त्यातले जिवाणू मरतात. चव राहते, ती काही कमी नाही.

समुद्रापलीकडचा

मी बारा वर्षे मेलबर्नमध्ये आहे आणि आयबीएसचा जुना रुग्ण आहे, म्हणून स्वयंपाकघरातली बाजू सांगतो. येथील मोनाश विद्यापीठात फॉडमॅप आहाराची मांडणी झाली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंनी आंबवल्यावर वायू करणाऱ्या शर्करा काही आठवडे टाळायच्या आणि मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, अशी ती पद्धत आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी टाळायच्या पदार्थांची यादी हातात दिली तेव्हा मला वाटले की कोणीतरी मराठी स्वयंपाकघराचीच झडती घेतली आहे: कांदा, लसूण, गहू, राजमा, चवळी, दूध, आंबा. कांदा-लसणाशिवाय फोडणी कशाची द्यायची?

मार्ग निघाले. लसणातली त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून पाकळ्या तेलात तांबूस होईपर्यंत परतायच्या आणि काढून टाकायच्या, वास तेलात राहतो. पाणी घातल्यानंतर लसूण टाकला तर हे चालत नाही. ज्वारीची भाकरी मला पोळीपेक्षा फार सोसते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचे. हिंग चालतो, पण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचे पीठ असते, म्हणून मी तांदळाच्या पिठाचा शोधून आणतो.

परंतु धाग्याच्या विषयाशी जोडलेली खरी गोष्ट पुढे आहे. याच विद्यापीठात २०१६ मध्ये या आहाराची तुलना आतड्यावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहनोपचाराशी केली गेली, आणि दोन्हींनी सारखाच आराम पडला. मला संमोहन हा जत्रेतला खेळ वाटत होता, पण मी तेही केले. डोळे मिटून पडायचे आणि आपल्या आतड्यातून नदी शांतपणे वाहते आहे अशी कल्पना करायची. बाई म्हणाल्या, तुमच्या ओळखीची नदी घ्या. मी कराडचा, प्रीतिसंगम घेतला. पहिल्या दोन बैठकांत मला पुराचेच पाणी दिसत होते.

ओपीडी_नंतर

मी पोटविकारांवरच काम करतो, म्हणून थोडे कटू बोलतो. हा धागा वाचून कोणी स्वतःच 'मला ताणाचे पोट आहे' असे ठरवून बसू नये. मलावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, ताप येणे, रक्त कमी असणे, झोपेतून उठून जावे लागणे, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच तक्रार सुरू होणे किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी एकही असेल तर आधी तपासणी. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे, आणि तो वर्षभर 'टेन्शन' या नावाखाली लपून राहिलेला मी पाहिला आहे. आयबीएसच्या निदानासाठी जे रोम निकष वापरले जातात (चौथी आवृत्ती, २०१६), त्यांत गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी आणि तिचा शौचाशी किंवा शौचातील बदलांशी संबंध हवा, आणि तक्रारींची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी.

मास्तरांना एक विचारायचे आहे. भाच्याला हा त्रास सुरू होण्यापूर्वी कधी मोठा जुलाब किंवा विषबाधा झाली होती का? कॅनडातील वॉकरटन या गावात २००० च्या मे महिन्यात पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू मिसळले. सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तेव्हा संसर्ग ओसरल्यानंतरही अनेकांना आयबीएस जडल्याचे दिसले, आणि आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना धोका अधिक होता. ताण आणि जिवाणू यांची गाठ माणसांत सर्वांत स्पष्ट दिसते ती मला येथे.

उपचार आहेत, हे लोकांना माहीत नसते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२३) ॲमिट्रिप्टिलीन हे जुने औषध अगदी कमी मात्रेत सहा महिने दिल्यावर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्ट आराम पडला. ते मूळचे नैराश्यावरचे औषध असल्याने चिठ्ठी वाचून रुग्ण रागावतात: 'मला वेडा ठरवता का?' मी त्यांना सांगतो की या मात्रेत ते मनासाठी नाही, आतड्याच्या नसांसाठी आहे. ते आपल्या मनाने घेऊ नये. आणि जुलाब थांबवणारी गोळी पेपरच्या दिवशी एक घेतली तर आभाळ कोसळत नाही, पण पाकिटातली पट्टी रिकामी होत असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे.

कोरडवाहू_मास्तर

डॉक्टर, आपला प्रश्न वाचून मी त्याच संध्याकाळी भाच्याला फोन केला. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या खोलीतल्या चौघांना एकाच वेळी जुलाब आणि ताप झाला होता; तिघे चार दिवसांत बरे झाले. हा मात्र मुख्य परीक्षा पंधरा दिवसांवर होती म्हणून सलाइन लावून अभ्यासिकेत जाऊन बसला. हे त्याने आम्हाला कोणालाच सांगितले नव्हते. 'त्यात सांगण्यासारखे काय होते, मामा,' असे म्हणाला.

त्यानंतर त्याला येथील एका पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. रक्त, थायरॉइड, मलातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असल्यास वाढणारे प्रथिन) या तपासण्या झाल्या. सर्व ठीक निघाले. डॉक्टरांनी वीस मिनिटे बसवून त्याला आतड्याचे चित्र काढून दाखवले, त्याचा त्याच्यावर औषधापेक्षा अधिक परिणाम झालेला दिसतो. खोली बदलली आहे, आता दोघांत एक संडास आहे. सकाळी सात ऐवजी आठला अभ्यासिकेत जातो आणि मधल्या तासात बसून जेवल्यासारखी न्याहारी करतो. मेसच्या काकूंनी महिन्याला तीनशे रुपये वाढवून त्याला पोळीऐवजी भाकरी द्यायचे कबूल केले, तेव्हापासून तिथल्या आणखी पाच मुलांनी भाकरी मागितली आहे आणि काकू माझ्यावर नाराज आहेत.

मागच्या रविवारी त्याचा सराव पेपर होता. दोनदा जावे लागले, पण उठला साडेपाचला.

निंबोणीची_सावली

मास्तर, त्या काकूंच्या मेसचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? मुलगी जूनपासून पुण्यातच आहे.